जुनी होंडा आणि रोजचे छत्तीस किलोमीटर

पत्र थोडक्यात असं: वाचकाचं वय छत्तीस. दिवसभर संगणकासमोर बसून काम, ऑफिस घरापासून १८ किलोमीटर. ओळखीतल्या एका गृहस्थांकडे १९७२ची होंडा सीबी ३५० मोटरसायकल अकरा वर्षं गॅरेजमध्ये झाकून उभी आहे. ते स्वस्तात द्यायला तयार आहेत. ‘फक्त कार्बुरेटर साफ करायचाय’ असं सांगतात. वाचकाचा बेत असा, की आत्ताची चार वर्षं जुनी गाडी विकायची, त्या पैशात होंडा घ्यायची, दोन-तीन महिन्यांत उभी करायची आणि मग रोज तीच वापरायची. ‘तेव्हाच्या गाड्या दणकट असायच्या, एकदा नीट केली की बघायला नको,’ असं त्यांना वाटतं. बायकोचा गाडीला विरोध नाही, आत्ताची गाडी विकायला आहे. मेहुणे म्हणतात, घ्यायचीच तर चार सिलिंडरची सीबी ७५० घ्या. ‘हाताने काहीतरी करावं असं फार वाटतं. मी वेडेपणा करतोय का?’ असं त्यांनी शेवटी विचारलंय.

पत्रात टाकीच्या रंगावर सहा ओळी आहेत आणि ब्रेकवर एकही नाही. हे टोमणा म्हणून सांगत नाही. मीसुद्धा माझी पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा आधी सीटचं कापड निवडलं होतं, आणि ती गाडी पुढे सात महिने त्या नव्या सीटसकट स्टँडवर उभी होती. वेडेपणा म्हणाल तर तो गाडी घेण्यात नाही. तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्यांच्याकडे आधी बघू.

पहिली, तेव्हाच्या गाड्या दणकट होत्या. होत्याच. त्या काळात जपानी गाड्यांनी बाजी मारली ती उगाच नाही. इंजिनची केसिंग आडवी विभागलेली, म्हणजे जोडाची रेघ तेलाच्या पातळीच्या वर, त्यामुळे खाली तेलाचं थारोळं नाही. बारा व्होल्टची वायरिंग, बटण दाबलं की सुरू. तुमच्या ३२५ सीसीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनला दहा हजार आरपीएमपर्यंत पळवलं तरी ते कुरकुरत नसे. पण त्या गाड्या वापरणारा माणूस दर काही आठवड्यांनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हातात घ्यायचा. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग), पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारे संपर्क), चेन, केबल हे सगळं त्याच्या सवयीचं होतं. दणकट आणि बिनकटकटीची यात फरक आहे, आणि तुम्हाला ऑफिसला जायला बिनकटकटीची हवी आहे.

शिवाय ती गाडी आता पन्नाशी ओलांडलेली आहे. इतक्या वर्षांत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम सहसा टिकतं. टिकत नाही ते रबर, आणि तारांचे जोड. फोर्कची सील, कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबरी जोड, पेट्रोलच्या नळ्या, टायर, मागच्या चाकातले डँपर हे सगळं कडक होऊन चिरतं. कव्हर टाकून सांभाळलेली गाडी असली तरी चिरतं. लोक इंजिनला घाबरतात. माझ्या अनुभवात इंजिनने क्वचित दगा दिला. रस्त्यात थांबवलं ते दोन इंचाच्या नळीने नाहीतर गंजलेल्या फ्यूजहोल्डरने.

दुसरी गोष्ट, ‘फक्त कार्बुरेटर’. हे वाक्य प्रत्येक उभ्या गाडीसोबत फुकट मिळतं. एका दुपारचंच काम असतं तर त्या गृहस्थांनी ते करून गाडी दुप्पट किमतीला विकली नसती का? ते खोटं बोलतायत असं नाही, बहुधा त्यांनाही तसंच वाटतंय. अकरा वर्षांत टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो. तो सगळ्यात आधी पायलट जेटचं, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक बुजवतो, कारण ते सुईच्या टोकाएवढं असतं. या मॉडेलचे दोन्ही कार्बुरेटर केहिनचे, आत रबरी पडदा असलेले. पडद्याला बारीक चीर असली तर जेट कितीही साफ करा, त्या बाजूचा सिलिंडर रेस देताना मागेच राहणार. आणि टाकीत गंज असेल तर साफ केलेला कार्बुरेटर दोन दिवसांत पुन्हा तुंबतो. म्हणून आधी टाकी, मग कॉक आणि नळी, मग कार्बुरेटर. हा क्रम उलटा करून एकच कार्बुरेटर चार वेळा खोलणारे मी पाहिलेत. त्यातला एक रोज आरशात दिसतो.

कार्बुरेटरपलीकडे काय काय असेल? पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटलेल्या असू शकतात. अकरा वर्षांत वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) तेलाचा थेंब पोचलेला नाही. त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा उत्साहाने कोणालाही किक मारू देऊ नका. घेतल्यानंतर प्लग काढायचे, दोन्ही भोकांतून थोडं थोडं तेल सोडायचं, एक-दोन दिवस थांबायचं, वरच्या झाकणातून कॅमवरही तेल घालायचं आणि मग पान्याने क्रँक हळूच फिरवून बघायचा. फिरला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘एकदा नीट केली की बघायला नको.’ तुमच्या सीबी ३५०चे टॅपेटची फट इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर ठेवायची असते, पॉइंटची फट ०.३ ते ०.४. पॉइंट झिजतात, फट बदलते, फट बदलली की टायमिंग सरकतं. त्याहून खास म्हणजे या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाहीच. उजव्या बाजूच्या झाकणामागे एक गरगर फिरणारी वाटी आहे. तेलातला गाळ त्या वाटीच्या भिंतीवर जाऊन बसतो. ती वाटी हाताने पुसून काढावी लागते. कित्येक मालकांना ती आहे हेच ठाऊक नसतं. मी तर दर दीड-दोन हजार किलोमीटरला तेल बदला म्हणेन. तुमचं रोजचं जाणं-येणं ३६ किलोमीटर. म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी तेल, आणि महिन्यातली एक सकाळ गाडीपाशी. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर त्यातलं एक काम कमी होतं. रोजच्या गाडीला मी ते बसवीनच. मूळ रूप जपायचा हट्ट असेल तर पॉइंटची प्लेट डब्यात घालून ठेवा.

हे वाचून तुमचा चेहरा पडला की खुलला? खरंच विचारतोय, कारण उत्तर त्यात आहे.

तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्या तुम्ही एकाच गाडीवर लादताय. दिवसभर स्क्रीनकडे बघून झाल्यावर हाताला तेल लागावं, एखादी वस्तू आपल्या बोटांनी जिवंत व्हावी, ही एक. रोज वेळेवर ऑफिसला पोचावं ही दुसरी. जुनी गाडी पहिलीसाठी फार छान. पण तीच एकमेव गाडी असेल तर प्रत्येक बिघाड उद्या सकाळच्या आत निस्तरावा लागतो. मग रात्री साडेदहाला, मोबाइलच्या उजेडात, चुकीच्या पान्याने. ज्या कामासाठी जीव आसुसलाय त्याचीच चीड यायला लागते. जुन्या गाड्या विकायला निघतात त्यातल्या बऱ्याच अशाच निघतात. त्या गृहस्थांना विचारून बघा, गाडी अकरा वर्षांपूर्वी नेमकी का थांबली? बहुधा एखादा किरकोळ बिघाड असेल आणि त्या आठवड्यात त्यांना वेळ नसेल.

म्हणून तुमच्या घरातल्या वादात मी बायकोच्या बाजूने आहे. ‘गाडी घे, पण आपली विकू नकोस’ हा नकार नाही, या सगळ्या प्रकरणातलं ते सगळ्यात शहाणं वाक्य आहे. निदान वर्षभर दोन्ही ठेवा. होंडा सुरू झाल्यावर आधी सुटीच्या दिवशी, मग आठवड्यातून एकदा ऑफिसला, मग दोनदा. वहीत लिहा: किती किलोमीटर, काय बिघडलं, घरी कशी आली. सलग तीन महिने ती स्वतःच्या चाकांवर घरी आली तर विकण्याचा विषय काढा, आणि तो बायकोलाच काढू द्या.

दोन्ही ठेवणं परवडत नसेल तर? मग ही गाडी सोडा. मनाला लागेल, पण सोडा. त्याऐवजी तेच मॉडेल कोणीतरी गेल्या आठवड्यापर्यंत चालवत होतं असं शोधा. जास्त पैसे जातील. पण उभ्या गाडीच्या किमतीएवढीच रक्कम तिच्यावर पुन्हा घालावी लागते, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरही भागत नाही. मागच्या मालकाने टायर, बॅटरी, केबल, सील यांवर घातलेला पैसा विकताना त्याला परत मिळत नाही, तो तुम्हाला मिळतो. चालती गाडी बघायला जाताना एकच अट सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावून बघा. कोमट लागलं तर थंड असताना सुरू व्हायला ती त्रास देते असं धरून चाला.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. सीबी ७५० ही १९६९ची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि सलग चार सिलिंडर घेऊन आलेली गाडी; तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण चार सिलिंडर म्हणजे चार कार्बुरेटर, आणि ते एकमेकांशी जुळवायला व्हॅक्यूम गेज. चार सायलेन्सर, ते गंजले की चारही. वजन दोनशे किलोच्या वर. पहिल्या जुन्या गाडीवर शिकायला दोनच सिलिंडर बरे. मेहुण्यांना घेऊ द्या ७५०, तुम्ही मागे बसून फिरा.

हेच पत्र दुसऱ्या गाडीबद्दलही येतं, म्हणून जाता जाता: यामाहा एक्सएस ६५० रोजच्या वापराला चांगली, अल्टरनेटरचा (वीज बनवणाऱ्या भागाचा) रोटर मात्र तपासून घ्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या सुझुकी जीएस मालिकेची इंजिनं फार टिकाऊ, दुखणं चार्जिंगचं. आरडी ३५०वर माझा जीव आहे, पण टू-स्ट्रोक गाडीला रोजच्या रहदारीत रांगायला लावणं हा तिच्यावर आणि मागच्या माणसाच्या फुप्फुसांवर अन्याय आहे.

आता तुम्ही हीच घेणार, आत्ताची न विकता, असं धरून चालतो.

सगळ्यात आधी कागद. फ्रेमचा नंबर हँडलच्या मानेपाशी असतो, इंजिनचा क्रँककेसवर. दोन्ही कागदांशी अक्षर न् अक्षर जुळवा. होंडाच्या या गाड्यांत फ्रेम आणि इंजिनचे नंबर कारखान्यातूनच वेगळे यायचे, तेव्हा ते एकमेकांसारखे नाहीत म्हणून दचकू नका. कागदावरच्यापेक्षा वेगळे असतील तर मात्र दचका. नंबरभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच संपला. पुन्हा नोंदणीसाठी जे काही करावं लागतं ते पैसे देण्याआधी विचारून घ्या, नंतर नाही.

जाताना टॉर्च आणि छोटं लोहचुंबक न्या. टाकीवर चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. साइड पॅनल, सायलेन्सर, टाकीवरची चिन्हं जागेवर आहेत का ते बघा, कारण गॅस्केट, केबल, ब्रेक शू अजूनही नवे मिळतात. धड अवस्थेतलं साइड पॅनल शोधण्यात वर्ष जातं.

मग पैसे कशावर आधी? टायरवर. नक्षी नवी दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा: २३१४ असेल तर २०१४चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालच्या आधीचा आहे, त्यावर गॅरेजच्या बाहेरही जाऊ नका. तुमच्या गाडीला पुढे ३.०० आणि मागे ३.५० रुंदीचा, १८ इंची रिमचा टायर लागतो, तो आजही बनतो. त्याच फेरीत ट्यूब, रिमवरची पट्टी, चाकाची आणि हँडलच्या मानेतली बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. मधोमध अडखळलं तर मानेतल्या गोळ्यांनी वाट्यांत खड्डे पाडलेत. तिथे टेपर रोलर बेअरिंग बसवा. गाडी वळणावर वेगळीच वाटेल.

मग ब्रेक. पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू पुढून दाबणारे आहेत, आणि दोघांना जोडणारा एक दांडा बाहेर दिसतो. त्याची लांबी अशी जुळवावी लागते, की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. न जुळवलेला हा ब्रेक एका शूवर चालतो आणि लोक म्हणतात, जुन्या गाड्यांना ब्रेकच नसायचे. शूचं अस्तर जुनं असेल तर ते धातूपासून सुटून आलेलं नाही ना, हे नखाने तपासा. माझं सुटलं होतं. चाक जाम झालं तेव्हा सुदैवाने मी गल्लीतच होतो. आणि हे सगळं उत्तम केलं तरी तुमची आत्ताची गाडी थांबते त्या अंतरात ही थांबणार नाही. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायची सवय पहिल्याच दिवसापासून.

वायरिंगमध्ये प्रत्येक जोड सुटा करून साफ करा, काचेच्या फ्यूजच्या जागी आजचा चपटा फ्यूज बसवा. बॅटरीवर मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. या गाडीचं अल्टरनेटर बेताचं आहे. सिग्नलला दिवा लावून उभं राहिलं की बॅटरी भरत नाही, उलट उतरते. एलईडी दिव्याने ओझं बरंच कमी होतं. मूळ रेक्टिफायर (अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) सेलेनियमच्या चकत्यांचा असेल तर तो काढून आजचा एकत्रित रेग्युलेटर-रेक्टिफायर लावा. इंजिन ऑइल क्लचलाही तेच लागतं, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं घ्या. कारचं इंधन वाचवणारं तेल घातलं की क्लच घसरायला लागतो.

एक हत्यार मात्र गाडी घ्यायच्या आधीच आणा: जेआयएस स्क्रूड्रायव्हर. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्ससारखे दिसतात, पण खाचेचा आकार वेगळा असतो. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं चाटून टाकतं. मग लोक म्हणतात, जपानी स्क्रू मऊ. पन्नास वर्षं अ‍ॅल्युमिनियमात रुतलेल्या स्क्रूंसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरही लागेल. एकदा डोकं गेलं की ड्रिल, आणि ड्रिल तिरकं गेलं की आटे. या एका चुकीत माझे जितके रविवार गेले तितके बाकी कशात गेले नाहीत.

तुम्ही मूळ एअर बॉक्स काढून सुटे गोल फिल्टर लावायचं म्हणताय, दिसायला मोकळं दिसतं म्हणून. नका लावू. पडदावाले कार्बुरेटर त्या डब्यातल्या संथ हवेवर बेतलेले आहेत. तो काढला की जेटचं गणित बिघडतं आणि नेमकं मधल्या वेगात, तुमच्या ऑफिसच्या रस्त्यावर, गाडी मिसिंग करायला लागते.

रंग, क्रोम, सीट सगळ्यात शेवटी. ती गडद हिरवी टाकी सुंदर दिसेल यात शंका नाही. पण आधी तिच्या आतला गंज काढा, कारण रसायन बाहेर सांडतं आणि नव्या रंगावर डाग पडतात.

तर येत्या रविवारी जा. पैसे नेऊ नका. टॉर्च, चुंबक आणि बायकोला न्या. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलचा आंबूस, वार्निशसारखा वास आला तर काम आहे पण ठरलेलं आहे. वासच आला नाही आणि आत टॉर्च मारल्यावर तळ खरपुडीसारखा दिसला तर किमतीतून एका टाकीचे पैसे वजा करा. काय दिसलं ते लिहून कळवा, टाकीच्या रंगाचं मग बोलू.